कल्याणला भरती उशिरा येते

"हिने कुठला समुद्र पाहिलाय!" विश्रामराव जेवताजेवता सहज म्हणाले, आणि सुमतीच्या हातातली आमटीची पळी वाटीपर्यंत न पोचता मधेच थांबली. वाक्य तिच्यासाठी नव्हतंच. वडीलधाऱ्यांच्या देखत नवरा बायकोशी बोलत नसतो. तो आईशी बोलतो, वडिलांशी बोलतो, फार तर समोरच्या भिंतीशी बोलतो, आणि बायकोने त्यातलं आपल्या वाट्याचं उचलून घ्यायचं असतं. ठाण्याच्या कचेरीला नाताळची सुट्टी लागणार होती आणि विश्रामरावांना एक नवी हौस जडली होती. पाहायला जाण्याची. लग्नकार्याला नव्हे, देवाला नव्हे, कुणाच्या मातीला नव्हे, नुसतं पाहायला. कचेरीत त्यांच्या शेजारी बसणारे एक कारकून बायकोमुलांना घेऊन अलिबाग पाहून आले होते आणि तेव्हापासून विश्रामरावांना घास गोड लागत नव्हता. आंग्र्यांच्या आरमाराचं गाव. भर समुद्रात उभा असलेला किल्ला, आणि चारी बाजूंनी खारं पाणी असताना त्या किल्ल्यात गोड्या पाण्याचं तळं. "आरमार आता कुठलं तिथे," अण्णा म्हणाले. सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणत. "ते कधीच मोडलं." "आरमार मोडलं तरी जागा आहे ना अण्णा! सगळेच जाऊ. शेवंतीला दाखवू, तुमचीही हवा पालटेल. आणि हिलाही दाखवू. हिने कुठला समुद्र पाहिलाय!" पळी थांबली ती तिथे. मग ती वाटीवर गेली, आमटी वाढली गेली, एक थेंबही बाहेर सांडला नाही. सुमतीला त्याचंच नवल वाटलं.

सुमती अलिबागची होती. समुद्राच्या इतक्या जवळची, की लहानपणी तिला समुद्राचा आवाज ऐकूच येत नसे. कल्याणला सासरी आली त्या रात्री तो पहिल्यांदा ऐकू आला, कारण तो नव्हता. तिला राग आला का? ती मागल्या दारी भांडी विसळताना स्वतःलाच विचारत राहिली. राग नव्हता. मिठाच्या बरणीत सवयीने हात घालावा आणि तो थेट बुडाला लागावा, तसं काहीतरी झालं होतं. आणि विश्रामरावांचं तरी काय चुकलं? लग्न इथेच झालं. मुलीकडची माणसं खाडीतून पडावात बसून आली, नवरी त्या पडावातून उतरली, नारळांच्या आणि सुपाऱ्यांच्या पोत्यांबरोबर. नवरदेव तेव्हा मिसरूड न फुटलेला पोरगा. त्याला मुंडावळ्या खुपत होत्या, त्याचं लक्ष तेवढ्यात होतं. बायको कुठून आली हे त्याला कुणीतरी सांगितलंही असेल. पुढे तिथलं येणंजाणं थांबलं, कागद आला नाही, सणाची भेट आली नाही, मग लक्षात तरी कसं राहायचं? माहेर हे माणसांनी येऊन-जाऊन राखायचं असतं. न आलेल्या माणसांचं गाव हळूहळू पुसलं जातं, तसं ते पुसलं गेलं, लग्न ठरवणाऱ्या अण्णांच्या मनातूनही. फक्त तिच्या आतून नाही. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं आणि सांगण्यासारखं त्यात काय होतं?

घराला वर एक माळा होता. लाकडं, गोवऱ्या, जुनी पाळण्याची दोरी, आणि कौलांखाली एक बारकी खिडकी. त्या खिडकीतून खाडीचा एक तुकडा दिसत असे, दोन घरांच्या मधून, पायजम्याच्या नाडीएवढा. लाकडं काढायला ती वर जाई तेव्हा एकदा त्या तुकड्याकडे बघून येई. पाणी चढतंय की उतरतंय. कधी चिखल उघडा पडलेला आणि त्यात कलंडलेला मचवा, कधी काठोकाठ. ही सवय कधी लागली ते तिलाही ठाऊक नव्हतं. पण आज तिथी कोणती हे कळलं, की तिचा अंगठा आपोआप बोटांच्या पेरांवरून फिरायचा आणि तिला कळायचं, आता तिकडे भरती लागली. मग काही वेळाने तेच पाणी वाटेतली सगळी गावं भिजवत, वळणं घेत, दमत कल्याणला यायचं. इथली माणसं म्हणायची, खाडी भरली. सुमती मनात म्हणायची, आलं. जणू कुणीतरी चालत आलं होतं आणि त्याला पाणी विचारायला हवं होतं.

पेरांवर भरती मोजायला तिला धाकूने शिकवलं. धाकू तिचा थोरला भाऊ. थोरला असून धाकू, कारण तो जन्मला तेव्हा घरात चुलतभावांची पलटण होती. तिचंही नाव तेव्हा गोदा होतं. सुमती हे नाव तिला लग्नात मिळालं, तांदळात अंगठीने लिहून. धाकू तिची बोटं धरून म्हणायचा, ही पुनव, ही अमावास्या, या दोन्हींना दुपारी पाणी वर. ही अष्टमी, हिला दुपारी वाट उघडते. वाट उघडते, असंच म्हणायचे तिकडे. पाणी ओसरलं असं नव्हे. किल्ला आणि गाव यांच्यामधला समुद्र बाजूला व्हायचा आणि खालून ओली, कडक, नागमोडी उठलेली वाळू वर यायची. तिच्यावरून गोदा आणि धाकू अनवाणी चालत किल्ल्यात जायची. पायाखाली खेकड्यांची धावपळ, खडकांच्या खळग्यांत मागे राहिलेलं पाणी, त्यात मागे राहिलेले मासे, आणि वाऱ्याने कानात भरलेली शिट्टी. आत गणपतीचं देऊळ, देवळासमोर तळं. धाकू ओंजळभर पाणी तिच्या तोंडाशी धरून म्हणायचा, बघ, गोड आहे की नाही? ती दरवेळी नाही म्हणायची, कारण नाही म्हटलं की तो पुन्हा ओंजळ भरायचा. एकदा त्या नादात वाट बुडाली. परत येऊन बघतात तो मधे समुद्र. पलीकडे किनाऱ्यावर बाबा उभे, हातवारे करताहेत, शब्द ऐकू येत नाहीत. मग दोघं किल्ल्याच्या दारात बसून राहिली, वाट पुन्हा उघडेपर्यंत. भूक लागली होती आणि घरी गेल्यावर मार बसणार होता, तरी गोदाला वाटत होतं, ही वाट उघडूच नये.

आणि आता तिला ते गाव पाहायला नेणार होते. रोज कचेरीतून आल्यावर विश्रामराव बेत मांडायचे. शेवंतीचे सागरगोटे घेऊन ते जमिनीवर रांग लावीत. शेवंती म्हणजे त्यांची मुलगी, परकराचा ओचा सांभाळत घरभर फिरणारी. तिच्याही लग्नाचं घरात हळूहळू बोललं जाऊ लागलं होतं. "हे कल्याण. हे बोरीबंदर. इथवर आगगाडी. हा धक्का. इथे आगबोटीत बसायचं. हे रेवस. इथून बैलगाडी." शेवटचा सागरगोटा ते जरा लांब ठेवीत आणि त्यावर बोट टेकवीत. "आणि हे अलिबाग." शेवंती विचारी, "बाबा, समुद्र म्हणजे आपल्या खाडीएवढा?" "खाडी म्हणजे त्याचं नुसतं शेपूट!" सुमती दाराआड निवडत बसलेली असे, आणि शेपूट म्हटल्यावर तिला हसू येई, कारण वीसेक वर्षं ती त्या शेपटालाच तर धरून बसली होती. कधी तिला वाटे, उठावं, बाहेर जावं, तो शेवटचा सागरगोटा उचलावा आणि मुठीत मिटून घ्यावा.

पण ती उठत नसे आणि बोलत नसे, आणि त्याला कारण होतं. अलिबाग हे पाहायचं गाव आहे तोवर जाता येणार होतं. ते माहेर आहे असं कुणाच्या ध्यानात आलं की प्रश्न निघाला असता, मुराळी कोण? सून माहेरी जायची तर तिला न्यायला तिकडचा माणूस यावा लागतो, बाप किंवा भाऊ, निदान चुलता. तो ओटीवर बसतो, त्याला गूळपाणी देतात, तो म्हणतो मुलीला न्यायला आलोय, सासू आढेवेढे घेते आणि मग पाठवते. बिनमुराळ्याची माहेरी जाते ती एकतर टाकलेली किंवा पळालेली. अण्णा या बाबतीत फार कडक होते. आणि सुमतीला न्यायला येईल असं तिकडे आता कुणी उरलं नव्हतं. म्हणजे बोललं की बेत संपला. तिने मनाशी ठरवून टाकलं, गप्प राहायचं. इतर सगळ्यांसारखं परक्या बाईसारखं जायचं, समुद्र पाहून केवढा गं बाई म्हणायचं, आपल्या घराच्या जागेवरून खाली मान घालून पुढे व्हायचं, आणि तळ्याचं पाणी प्यायचं. एक ओंजळ. तेवढ्यासाठी ती काहीही व्हायला तयार होती, परकीसुद्धा.

मुराळी एकदा आला होता. दशम्यांचं पीठ मळताना सुमतीला तो पुन्हापुन्हा येताना दिसत होता. ती सासरी येऊन तीनचार वर्षं झाली असतील, ती जात्यावर बसलेली, घरघर चाललेली, आणि अंगणातून हाक आली, "गोदा! अगं गोदा!" तिने जातं थांबवलं नाही. या घरात गोदा कुणी नव्हतीच. शेजारच्या कुणाला तरी बोलावत असतील. दुसऱ्या हाकेला तिचा हात थांबला आणि तिसऱ्या हाकेला तिला कळलं की गोदा म्हणजे आपण. ती उठून दाराआड येईपर्यंत सासूबाई बाहेर गेल्या होत्या. धाकू अंगणात उभा. उंच झालेला, उन्हाने रापलेला, खांद्यावर नारळांची जोडी. तो नारळांच्या पडावातून आला होता आणि त्याच पडावातून तिला न्यायचं म्हणत होता. घरात तेव्हा मोठ्या नणंदेचं बाळंतपण होतं, दळणकांडण होतं, माणूस कमी होतं. सासूबाई ओरडल्या नाहीत की टाकून बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "यंदा नाही जमायचं. पुढल्या वर्षी पाठवते." आणि सुमतीला म्हणाल्या, "भावाला गूळपाणी दे." तिने गूळ फोडला, तांब्या भरला, ओटीवर आणून ठेवला. ओटीवर टेकलेल्या धाकूने तिच्याकडे पाहिलं, मग खाडीच्या बाजूला पाहिलं. त्याने आपला अंगठा पेरांवरून फिरवला, तिने तो फिरताना पाहिला. आणि तो चटकन उठला, नारळ खांबाशी ठेवले, आणि गेला. तांब्या भरलेला तसाच राहिला. पुढलं वर्ष यायच्या आत तिकडे पटकीची साथ आली आणि बाबा, आई, धाकू, सगळे एका पंधरवड्यात गेले. घर कुणा दूरच्या चुलत्याने विकलं. ती इतकी वर्षं एवढंच मनात घोळवत राहिली, की त्याने ते पाणी घोटघोट पीत प्यायलं असतं, गुळाचा खडा चघळत बसला असता, तर ओहोटी निघून गेली असती, पडाव चुकला असता, आणि तो एक रात्र इथे राहिला असता.

बेताला दोन दिवस राहिले. रविवार होता, द्वादशी, त्यामुळे पानं लवकर मांडली होती. पुरुषांची जेवणं झाली होती. अण्णा झोपाळ्यावर बसले होते, सासूबाई, म्हणजे रंगूबाई, त्यांच्यासाठी खलबत्त्यात पान कुटत होत्या, कारण अण्णांचे दात केव्हाच गेले होते. गेल्या काही वर्षांत रंगूबाई फारशा बोलत नसत. गुडघे धरले होते, आणि बोलणंही त्याबरोबर धरलं गेलं होतं. विश्रामरावांनी शेवंतीला पुढ्यात घेऊन पुन्हा सागरगोटे मांडले. "पुनवेला सकाळी आराम करायचा. दुपारी दोन घास जास्त खायचे आणि पाय मोकळे करत किल्ल्यात जायचं. चालत जाता येतं म्हणे, समुद्रातून!"

सुमती उष्टी काढत होती. आतून, कुठूनतरी फार खालून, न विचारता-सवरता शब्द बाहेर आले. "पुनवेला दुपारी नाही जाता येत. बुडायला होईल. आमच्याकडे पुनवेला दुपारी भरती असते, सकाळी वाट उघडते."

खलबत्ता थांबला. सुमतीच्या हातातल्या ताटावरून भाताचा एक कण सुटून खाली पडला आणि ती त्याच्याकडेच बघत राहिली. आमच्याकडे. इतकी वर्षं आमच्याकडे म्हणजे हे घर होतं. आमच्याकडे वांग्यात गूळ घालतात, आमच्याकडे पाहुण्यांना आधी पाणी देतात. शेजारणींशी बोलताना शेकडो वेळा म्हटलं असेल. आज तोच शब्द पाठ फिरवून तिकडे निघून गेला होता. सगळं संपलं, तिला वाटलं. एका शब्दाने आपणच आपली वाट बुडवली.

"आमच्याकडे म्हणजे कुठे?" अण्णांनी विचारलं.

विश्रामराव तिच्याकडे बघत होते. वडिलांसमोर, सरळ तिच्याकडे, असं ते कधी बघत नसत. त्यांचा चेहरा आधी कोरा होता, मग कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "अरे... हो की," ते म्हणाले. "अण्णा, ही तिकडचीच. मी... माझ्या डोक्यातून गेलंच. मी हिला समुद्र दाखवायला निघालो होतो." ते हसायला गेले आणि हसू अर्ध्यातच सुकलं.

"मग हे पाहायला जाणं नव्हे," अण्णा म्हणाले. झोपाळा थांबला होता. "हे माहेरी जाणं झालं. बोलावणं कुणाचं? मुराळी कोण?"

"अहो अण्णा, घरच राहिलं नाही तिकडे. माहेर कुठलं आता?"

ते तिची बाजू घेत होते. बेत वाचवत होते. सुमतीला ते कळत होतं आणि तरीही ते तिला लागलं, कारण ते खरं होतं आणि आजवर कुणी मोठ्याने म्हटलं नव्हतं.

"गाव आहे ना," अण्णा म्हणाले. "गावाची चार माणसं विचारतील, कुणाच्या घरची, कुणी आणली. आपल्या घरची सून मुराळ्याशिवाय कधी गेली नाही. तुम्ही जा तिघं. तू, तुझी आई, शेवंती. ती घर सांभाळील. मीही आहेच."

"मुराळी येऊन गेलाय," रंगूबाई म्हणाल्या.

त्या खलबत्त्याकडेच बघत होत्या. बत्ता हातात तसाच. अण्णांनी विचारलं, "कधी?" तेव्हाही त्यांनी मान वर केली नाही.

"थोरलीचं बाळंतपण होतं त्या साली. तुम्ही शेतावर होतात. हिचा भाऊ आला होता, चांगला नारळ घेऊन, रीतसर. मी म्हटलं, यंदा नाही, पुढल्या वर्षी पाठवते. असं म्हटलं मी त्याला, माझ्या तोंडाने. तो काय परत येणार होता? पण मी पाठवते म्हटलं होतं." बत्ता खाली ठेवला गेला. "हेच ते पुढलं वर्ष. मी पाठवतेय. ज्याला विचारायचंय त्याने मला विचारावं."

झोपाळ्याची कडी एकदा कुरकुरली.  अण्णांनी पान मागितलं, ते तोंडात धरलं, आणि झोपाळा पुन्हा हळूहळू चालू झाला. या घरात त्याचा अर्थ सगळ्यांना कळत असे.

सुमती आत आली. ताटं खाली ठेवली. मागून पाय ओढत येण्याचा आवाज आला, आणि रंगूबाई चौकटीला धरून उभ्या राहिल्या. 

"तुला तो काय म्हणून हाक मारत होता गं?"

"गोदा."

"हं. गोदा." त्यांनी ते नाव एकदा तोंडात घोळवून पाहिलं. मग त्यांचा आवाज खाली गेला, जवळजवळ नाहीसा झाला. "पोर गूळपाणी न घेता गेलं माझ्या दारातून. रागावून गेलं. आणि मग ते तसं झालं. इतकी वर्षं, बघ, तो तांब्या माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही."

सुमतीला पहिल्यांदा काही कळलंच नाही. मग कळलं. एकाच घरात, एकाच चुलीपुढे दोघी इतकी वर्षं बसल्या, आणि दोघींच्या मधे तो भरलेला तांब्या. आणि तिला एका वाक्यात तो उचलता आला असता.

"रागावून नाही गेला हो, सासूबाई," ती म्हणाली. "ओहोटी लागली होती. थांबला असता तर पडाव निघून गेला असता. म्हणून गेला. रागावला असता तर नारळ ठेवून गेला नसता."

"ओहोटी?"

"हो. मी पाहिलं ना. त्याने पेरांवर मोजलं."

 रंगूबाई तिथेच, उंबऱ्यावर, दुखरे गुडघे विसरून खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडू लागल्या, लहान मुलीसारखं, आवाज करून. सुमती त्यांच्याजवळ बसली. पाठीवर हात ठेवावा की नाही हे तिला ठरवता येईना, मग ठेवला. बाहेरून शेवंतीने विचारलं, "आजी का रडते?" आणि विश्रामराव काहीतरी हळू आवाजात तिला सांगू लागले.

थोड्या वेळाने रंगूबाईंनी डोळे पुसले. "उद्या निघताना गूळपाणी ठेव ओटीवर," त्या म्हणाल्या. "मुराळ्याला न देता कशी पाठवू?" "उद्या नाही, परवा," सुमती म्हणाली. "परवा तर परवा. पण ठेव. खांबाशी ठेव, तिथेच."

सुमती लाकडं काढायला माळ्यावर गेली. खिडकीतून खाडीचा तो तुकडा दिसत होता. पाणी अजून चढत होतं, चिखलातला मचवा नुकताच सरळ होऊ लागला होता. तिचा अंगठा पेरांवरून फिरला. तिकडे केव्हाच ओहोटी लागली असेल. तिकडे खडक वर यायला लागले असतील, दारातून किल्ला जवळ वाटायला लागला असेल. इथे मात्र पाणी आत्ता कुठे येत होतं. तिने लाकडं खाली ठेवली आणि ते पुरतं येईपर्यंत तिथेच उभी राहिली.